कुमुदरावांचं स्थळ

वासुदेवराव उकिडवे यांनी पुण्यात बावीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं आणि एकशे ब्याऐंशी लग्नं जमवली. त्यातली पाच मोडली; मंडळाच्या मते पत्रिका न पाहिल्यामुळे, वासुदेवरावांच्या मते सासवांमुळे. हा आकडा ते समोरच्याला पहिल्या दहा मिनिटांत, न विचारता सांगत. बंगळुरूला मुलाकडे राहायला आल्यापासून अडचण एवढीच झाली होती की दहा मिनिटं समोर थांबेल असं माणूस मिळत नव्हतं.

मुलगा शंतनु आणि सून सिद्धी, दोघंही गुणी. उगाच कुणाला दोष नको. पण व्हाइटफील्डमधल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माणसं तीन आणि हेडफोन पाच होते. दोघं ऑफिसला जात त्या दिवशी घर रिकामं असे, आणि घरून काम करत त्या दिवशी भरल्या घरात चूप बसावं लागे, कारण कुणाचा ना कुणाचा क्लायंट ऐकत असे. चहा हवा का, हे वासुदेवराव दारातूनच हाताने कपाचा आकार करून विचारत आणि सून हसून अंगठा दाखवी. उभ्या हयातीत अंगठा दाखवणं म्हणजे नकारच असं समजलेल्या या गृहस्थांना पहिला आठवडाभर वाटत राहिलं, की सुनेला आपल्या हातचा चहा आवडत नाही.

खाली बागेत ज्येष्ठांसाठी चार बाकं होती. एकावर तेलुगू चाले, दुसऱ्यावर तमिळ, तिसऱ्यावर हिंदी, आणि चौथं कायम ओलं असे, कारण माळ्याचा पाइप नेमका तिथे फुटला होता. वासुदेवरावांनी हिंदी बाकावर दोनदा प्रयत्न केला. पण तिथे विषय गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा, आणि यांचे गुडघे ठणठणीत. त्यांना एकटं वाटे. फार एकटं वाटे. शंतनुला हे सांगायची सोय नव्हती, कारण त्याने लगेच उपाय काढला असता, आणि त्याचा कुठलाही उपाय आधी फोनमध्ये उतरवून घ्यावा लागे.

मराठी बोलणारं माणूस म्हणजे एकटा गेटवरचा यल्लाप्पा. निपाणीकडचा, पन्नाशी ओलांडलेला, मिश्यांचा. पण दर दोन मिनिटांनी स्कूटरवरून कुणाचं तरी जेवण येई, यल्लाप्पा वहीकडे धावे आणि वासुदेवरावांचं वाक्य अर्ध्यावर लटकून राही. तरी त्या अर्ध्या वाक्यांसाठी ते रोज दोनदा खाली जात.

त्याच यल्लाप्पाचा एका गुरुवारी इंटरकॉमवर फोन आला. "काका, जरा खाली या. भानगड झालीया."

तळघरात, कचऱ्याच्या खोलीबाहेर, एक पिंजरा ठेवलेला होता. सी टॉवरमधलं एक कुटुंब फ्लॅट सोडून गेलं होतं. जाताना सोफा नेला, पडदे नेले, पडद्यांच्या दांड्याही नेल्या आणि हा पिंजरा ठेवून गेलं. आत दोन जनावरं. उंदराहून मोठी, सशाहून लहान, बिनशेपटीची. एक पांढरं-तपकिरी, दुसरं काळंभोर. कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेली.

"गिनीपिग म्हनत्यात ह्यास्नी," यल्लाप्पा म्हणाला. "हयवदन सर म्हनाले, टाकून दे. मी इचारलं, ओल्या कचऱ्यात का सुक्या? तर म्हनाले, कमिटीला इचारून सांगतो."

हयवदन म्हणजे सोसायटीचा मॅनेजर. चोख माणूस, नियमाबाहेर पाऊल टाकायचा नाही, आणि नियमच नसेल तर पाऊलच टाकायचा नाही.

"जित्ता जीव हाय, काका. तुमी घ्या न्हाई तर काय खरं न्हाई."

वासुदेवरावांनी जन्मात पोपटसुद्धा पाळला नव्हता. पण या गावात आल्यापासून त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलंय असं प्रथमच घडत होतं. त्यांनी पिंजरा उचलला. तो त्यांच्या अपेक्षेपेक्षा जड निघाला आणि लिफ्टमधली एक बाई तिसऱ्याच मजल्यावर उतरून गेली.

"ऑ, सो क्यूट!" सिद्धी एक कान मोकळा करून म्हणाली. "पण बाबा, फक्त वीकेंडपर्यंत हं. ओनरला कळलं तर इश्यू होईल."

"ग्रुपवर टाका," शंतनु म्हणाला. "कोणीतरी ॲडॉप्ट करेल. रीहोमिंग म्हणतात त्याला. चांगलं घर बघायचं आणि द्यायचं."

"म्हणजे स्थळ बघायचं," वासुदेवराव म्हणाले, आणि गेल्या आठ महिन्यांत प्रथमच त्यांचा आवाज जरा वर चढला. बॅगेच्या तळाशी ठेवलेलं मंडळाचं जुनं रजिस्टर त्यांनी बाहेर काढलं. शेवटची वीस पानं कोरी होती.

दोघींची नावं त्यांनी सुमन आणि कुमुद ठेवली. पांढरी ती सुमन, काळी ती कुमुद. मग ग्रुपवर टाकायचा मजकूर इंग्रजीत बसवला. दोन सख्ख्या बहिणी, सुस्वरूप, शांत, निर्व्यसनी, पूर्ण शाकाहारी. एकाच घरात देणे आहे. स्वतःचे घर असल्यास प्राधान्य. मजकूर आधी गेला आणि फोटो उघडायला वेळ लागला, तेवढ्यात दोन आयांनी आपापल्या मुलांचे बायोडेटा पाठवून दिले. फोटो उघडल्यावर तिसऱ्या टॉवरमधल्या एका बाईंनी, इमारतीत उंदीर झाल्याची तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला फडकी बांधलेले दोघं फवारणीचे पंप घेऊन दारात उभे राहिले. वासुदेवरावांनी दाराला पाठ लावून, हिंदी, मराठी आणि हातवारे अशा तीन भाषांत त्यांना परत पाठवलं.

मग हयवदन वर आला. "सर, पेट रखना है तो ऐप में रजिस्टर करना पड़ेगा," तो नम्रपणे म्हणाला, आणि स्वतःच फोन काढून नोंदवायला बसला. ॲपमध्ये पर्याय दोनच होते, कुत्रा आणि मांजर. हयवदनने बराच वेळ सुमनकडे पाहिलं, मग कुमुदकडे पाहिलं आणि 'कुत्रा, लहान' यावर बोट ठेवलं. लगेच फोन टिंगटिंगला. दोन्ही कुत्र्यांना सकाळी सहा ते साडेसात या वेळातच फिरवावं, पट्टा बांधावा, आणि रेबीजच्या लसीचा दाखला दहा दिवसांत जोडावा.

"अहो, पण हे कुत्रे नाहीत," वासुदेवराव म्हणाले.

"सरी सर," हयवदन म्हणाला, म्हणजे बरोबर आहे. "लेकिन सर्टिफिकेट चाहिए."

एव्हाना वीकेंड होऊन गेला होता, ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नाही. वासुदेवरावांच्या आली होती, पण ते बोलले नाहीत. कारण मंगळवारी सकाळी ते भाजी घेऊन दारातून आत आले, पिशवी जरा कुरकुरली, आणि पिंजऱ्यातून दोघींनी अशी काही शिट्टी घातली की शंतनुच्या क्लायंटने अमेरिकेत विचारलं, काय झालं. झालं काही नव्हतं. कोथिंबीर आली होती. वासुदेवराव पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसले, एक एक काडी आत सारत राहिले आणि डोळे पुसत राहिले. आपण आल्याचा कुणाला तरी आनंद झाला, एवढंच निमित्त होतं.

दाखल्यासाठी डॉक्टर हवा. व्हाइटफील्डमध्ये कुत्र्यामांजरांचे दवाखाने पावलोपावली, पण असल्या बारक्या जनावरांना हात लावणाऱ्या डॉक्टर कस्तुरी थेट बनशंकरीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या कॅबवाल्याने टोपलीत डोकावून "इली?" असं विचारलं. म्हणजे उंदीर. वासुदेवरावांनी नाही म्हणून जोरजोरात मान हलवली, तो हो समजला आणि गाडी घेऊन निघून गेला. दुसऱ्याला त्यांनी टोपलीत प्रसाद आहे असं सांगितलं. प्रसादाने वाटेत दोनदा शिट्टी मारली, पण सिल्क बोर्डाच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला कशाचंच नवल वाटत नाही.

डॉक्टर कस्तुरींचं आजोळ बेळगावचं, त्यामुळे त्या मराठी बोलत. त्यांनी सुमनला उचललं, पोट चाचपलं. कुमुदला उचललं, उलटं केलं, आणि हसू दाबलं.

"अंकल, ह्या बहिणी आहेत असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"दिसतंच आहे ना. किती प्रेमाने राहतात."

"प्रेम आहेच. कुमुद मुलगा आहे. आणि सुमनला दिवस गेलेत, स्वल्पच बाकी आहेत आता."

वासुदेवरावांनी दोघांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. एकशे ब्याऐंशी लग्नं जमवणारा माणूस, आणि घरात नवराबायको समोर बसलेली असताना त्याला कळलं नाही. त्यातून त्यांनी जाहिरातीत दोघांना सख्ख्या बहिणी म्हटलं होतं आणि शांत, निर्व्यसनी वगैरे लिहून खाली सहीसुद्धा ठोकली होती. मंडळातल्या जुन्या सहकाऱ्यांना हे कळलं तर, या विचाराने त्यांनी ग्लासभर पाणी प्यायलं आणि डॉक्टरांना विनंती केली की हे आपल्या दोघांतच राहू द्या.

डॉक्टरांना वेगळीच घाई होती. कुमुदला आजच्या आज वेगळा करायला हवा, नाहीतर पिल्लं झाल्या झाल्या सुमनला पुन्हा दिवस जातील. त्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची, आणि त्यानंतरही सहा आठवडे मादीपासून लांब ठेवायचं. "आणि लक्षात ठेवा अंकल, ह्यांना एकटं ठेवायचं नसतं. एकटं पडलं की हे खात नाहीत."

कुमुदचे कुमुदराव झाले. शस्त्रक्रिया उरकली आणि बाल्कनीत त्यांचा वेगळा पिंजरा मांडला. उभ्या आयुष्यात जोड्या लावलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने एक जोडपं विलग केलं, आणि ते दिवसभर भिंतीच्या अल्याडपल्याड एकमेकांना शिट्ट्या घालत राहिलं. वासुदेवराव बाल्कनीत स्टूल टाकून बसले. "होईल सवय," ते कुमुदरावांना म्हणाले. "आमची ही जाऊन मला चार वर्षं झाली. व्हायचीच आहे अजून."

नवव्या दिवशी सुमनने चार पिल्लं घातली. जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस, आणि दुसऱ्या दिवशी आईच्या ताटातलं खायला हजर. दोन मुलगे, दोन मुली. यल्लाप्पा ड्यूटी संपवून पेढे खाऊन गेला. वासुदेवरावांनी पिल्लांना नावं ठेवली नाहीत, नुसते अनुक्रमांक दिले, कारण नाव ठेवलं की माणूस अडकतो. तिसऱ्या दिवशी अनुक्रमांक तीनला ते "तीनूबाळ" म्हणताना सिद्धीने ऐकलं.

हयवदनच्या ॲपने मात्र ही वाढ गांभीर्याने घेतली. एका फ्लॅटला दोनच कुत्र्यांची परवानगी होती आणि यांचे सहा झाले होते. नोटीस आली, तिची एक प्रत घरमालकाला गेली. पुढच्या महिनाअखेरपर्यंत संख्या दोनच्या आत न आणल्यास भाडेकरार पुन्हा तपासला जाईल. शंतनु पहिल्यांदाच दोन्ही कान मोकळे करून जेवायला बसला. "बाबा, प्लीज. हे घर सोडायला लागलं तर पुन्हा शोधायचं म्हणजे डोक्याला ताप आहे." डॉक्टर कस्तुरींनी रेबीजच्या दाखल्याच्या जागी एक पत्र दिलं, की सदर कुत्रे हे गिनीपिग असल्यामुळे त्यांना लस लागत नाही. हयवदनने ते जोडलं. ॲपने स्वीकारलं.

तर आता सहा जणांची स्थळं. रजिस्टर पुन्हा उघडलं. आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, घर भाड्याचं की स्वतःचं, घरात माणसं किती आणि दिवसभर घरी कोण असतं, असे रकाने आखले. शेवटच्या रकान्यावर बहुतेक मंडळी अडखळत. दिवसभर घरी कोणीच नसे. कॅमेरा असे.

कुणाला एकच हवं होतं, मुलीच्या वाढदिवसाला. नकार. एका जोडप्याचं सगळं जुळलं, पण त्यांच्याकडे मांजर होतं आणि ते फार समजूतदार आहे असं दोघांनी चारचारदा सांगितलं. नकार. देवनहळ्ळीकडून विराट नावाच्या एका तरुणाचा फोन आला. त्याने नोकरी सोडून विमानतळापलीकडे शेत घेतलं होतं. वासुदेवराव तीन बस बदलून, डबा घेऊन स्थळ पाहायला गेले. शेत सुंदर होतं.

"हे राहतील कुठे?" त्यांनी विचारलं.

"ओपन, अंकल! पिंजरा वगैरे नाही. एकदम नॅचरल."

वासुदेवरावांनी वर पाहिलं. विजेच्या तारेवर तीन घारी बसल्या होत्या आणि त्याही नॅचरल होत्या. त्यांनी बांधावर बसून डबा खाल्ला, विराटला अर्धी पोळी दिली आणि कळवतो म्हणून सांगितलं. स्थळाच्या भाषेत कळवतो म्हणजे काय, ते विराटला ठाऊक नव्हतं. तो पुढे पंधरा दिवस फोन करत होता.

एका संध्याकाळी सिद्धीने रजिस्टर चाळलं. "बाबा, चौदा लोक आले आणि चौदाही रिजेक्ट. एकाची तर फक्त बाल्कनी पश्चिमेला आहे म्हणून. तुम्हाला द्यायचीच नाहीयेत का?"

"मी आजवर कुणाचं लग्न अडवलेलं नाही," वासुदेवराव ताडकन म्हणाले. त्या रात्री जेवताना त्यांनी मागचा भात घेतला नाही. कुणी आग्रहही केला नाही, कारण दोघांच्या मीटिंगा होत्या. मग ते पिंजऱ्यापाशी जाऊन बसले आणि स्वतःशी कबूल केलं, की पोरगी खरं बोलली. ही जनावरं गेली की सकाळी उठून कोथिंबीर आणायला खाली उतरायचं कारण संपणार होतं.

पण बावीस वर्षांची सवय अशी, की चांगलं स्थळ समोर आल्यावर खोटा दोष काढायला जीभ वळत नाही. कडुगोडीच्या दोघी निवृत्त शिक्षिका आल्या, बहिणी, या खऱ्याच सख्ख्या. दिवसभर घरी. प्रश्न विचारले तर उत्तराआधी वही काढून बसल्या. सुमन आणि तिच्या दोन्ही मुली तिकडे गेल्या. दोन मुलगे एका दंतवैद्याकडे गेले. त्याने आधीपासून चार पाळले होते आणि दोन मजली पिंजरा स्वतः सुतारकाम करून बनवला होता. तीनूबाळाला देताना वासुदेवरावांनी आहेराचा टॉवेल दिला. दंतवैद्य तो कशासाठी हे न विचारता घेऊन गेला, सज्जन माणूस.

राहिले कुमुदराव. शिक्षिका बहिणींना नर नको होता. हयवदन येऊन पाहून गेला. "एक डॉग ओके है सर," तो म्हणाला. नोटीस मागे घेतली. घरमालक गप्प झाला. शंतनु म्हणाला, "राहू देत बाबा, एकच आहे. तुम्हाला कंपनी." म्हणजे झगडा संपला होता, आणि वासुदेवरावांना हवं ते, एकाही खोट्या शब्दावाचून, आपोआप मिळालं होतं.

पहिल्या दिवशी कुमुदरावांनी कोथिंबीर अर्धी ठेवली. दुसऱ्या दिवशी हुंगून ठेवली. तिसऱ्या दिवशी पिशवी मुद्दाम दोनदा कुरकुरवली तरी ते कोपऱ्यातून उठले नाहीत. वासुदेवरावांनी ढोबळी मिरचीच्या चकत्या करून तोंडापाशी धरल्या. त्यांना मंडळाच्या गोष्टी सांगितल्या, एकशे ब्याऐंशी आकडा सांगितला. कुमुदराव ऐकत होते, पण खात नव्हते. माणसाची सोबत ही त्यांच्या लेखी सोबत नव्हती, आणि यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

"आपली सोय म्हणून दुसऱ्याला उपाशी ठेवायचं," वासुदेवराव मोठ्याने म्हणाले, "हे मी कुठल्या सासूला करू दिलं नसतं." आणि त्यांनी स्वतःहून डॉक्टर कस्तुरींना फोन लावला.

डॉक्टरांकडे स्थळ तयार होतं. दवाखान्यामागेच दुसऱ्या गल्लीत आप्पाजी आणि ठकुबाई राहत. पाच पिढ्यांपूर्वी आलेलं मराठी घर, बैठं, पुढे अंगण. नात शिकायला म्हैसूरला गेली आणि तिची दोन गिनीपिगं आजीआजोबांकडे राहिली. त्यातलं एक गेल्या महिन्यात म्हातारपणाने गेलं. दुसरी, चिक्की, अन्नावरची वासना उडून बसली होती. आणि कुमुदरावांचे सहा आठवडे कालच पुरे झाले होते.

वासुदेवराव टोपली घेऊन पोचले तेव्हा आप्पाजी झोपाळ्यावर होते, आणि ठकुबाई पदर खोचून दारात.

"या अण्णा, आत या. कॉफी घेता नव्हं? आधी बसा, मग बोलू." कॉफीचा पेला हातात पडायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "मुलाचं वय काय?"

"दोन वर्षं. दाखला आहे."

"पहिलं लग्न झालंय म्हणे?"

"झालंय. म्हणजे, आहे. ती कडुगोडीला असते, मुलींपाशी."

"ह्याने सोडलं तिला?"

"नाही हो. मीच सोडवलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून."

"पोरं किती?"

"चार," वासुदेवराव म्हणाले. आजवर ते दोन्ही पक्षांच्या मधल्या खुर्चीत बसले होते. मुलाच्या बाजूने बसायची वेळ प्रथमच आली होती.

"म्हणजे चार पोरांचा बाप माझ्या चिक्कीला आणलात होय!" ठकुबाई म्हणाल्या, आणि आप्पाजी झोपाळ्यावरच इतके हसले की कड्या वाजल्या. "सरी, सरी. तोंड तर बरं दिसतंय. आणि तुम्ही हो? घरी कोण कोण?"

"मुलगा आहे, सून आहे. भरलेलं घर आहे."

"बरं आहे बाई तुमचं," ठकुबाई म्हणाल्या.

दोघांना एकदम एकत्र सोडायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. आधी पिंजरे शेजारी शेजारी ठेवायचे. तसे ते अंगणात पपईच्या सावलीत ठेवले. बराच वेळ काही घडलं नाही. तिघं म्हातारे खुर्च्या टाकून बघत बसले. आप्पाजींनी इथल्या जुन्या तलावांची गोष्ट सांगितली. ती लांब होती आणि मधेच कन्नडमध्ये शिरली, पण कुणाला घाई नव्हती. मग वासुदेवरावांनी आपला आकडा सांगितला. ठकुबाईंनी त्यातल्या मोडलेल्या पाचांची एकेक करून चौकशी केली. एवढ्यात कुमुदराव उठले. जाळीपाशी गेले. चिक्कीने पलीकडून नाक लावलं. घशातल्या घशात घरघरल्यासारखा एक आवाज करत कुमुदराव गोल फिरले, आणि समोरची काडी उचलून कुरतडायला लागले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

वासुदेवरावांना इतकं बरं वाटलं की पेला खाली ठेवावा लागला. पण कुमुदरावांनी त्यांच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. लग्न जमलं की मध्यस्थाचं असंच होतं. मांडवात शाल आणि नारळ मिळतो, निघताना सगळे म्हणतात, या कधीतरी घरी. वासुदेवरावांना हे तोंडपाठ होतं. एकशे ब्याऐंशी घरांतलं एकही घर त्यांनी लग्नानंतर कधी आतून पाहिलेलं नव्हतं. ते उठले, रिकामी टोपली उचलली, आणि त्या वाक्याची वाट पाहत चपला घालू लागले.

"उद्या किती वाजता येता?" ठकुबाईंनी विचारलं.

वासुदेवराव चपलेत पाय अडकवता अडकवता थांबले. "उद्या?"

"मग? चार दिवस बघायला नको दोघांना? आम्हाला काय कळतं ह्यातलं. दहाला येता?"

आयुष्यभर वेळ मागणाऱ्यांना वासुदेवराव एकच उत्तर देत आले होते, आणि ते जिभेवर तयारच होतं. "उद्या जरा कामात आहे," ते म्हणाले. "सवड बघून फोन करतो." नमस्कार केला, फाटक लावलं आणि मेट्रोकडे चालू लागले.

गल्लीच्या टोकाला फुलांची गाडी होती. तिथपर्यंत ते ताठ चालले. मग उद्याची कामं कोणती, ती मनात मोजून पाहिली. ओल्या बाकावरून फेरी. यल्लाप्पापाशी अर्धं वाक्य. दुपारी दारातून कपाचा आकार. आपण आत्ता काय करून बसलो हे लक्षात येऊन त्यांना भर उन्हात स्वतःची लाज वाटली. फुलवाल्या बाईने शेवंतीची माळ पुढे केली. ते माळ न घेताच मागे वळले, आणि त्या वयाला शोभणार नाही अशा चालीने फाटकापाशी येऊन थांबले. धाप लागली होती.

ठकुबाई अंगणातच होत्या. "काय अण्णा, काही राहिलं का?"

"राहिलं नाही," वासुदेवराव म्हणाले. "खोटं बोललो मघाशी. उद्या मला काही काम नाही. परवाही नाही. घर भरलेलं आहे म्हटलं ना, तेही तसं नाही. दिवसदिवस माझ्याशी कुणी बोलत नाही हो."

ठकुबाईंनी फाटकाची कडी काढली.

"मग आत्ता कुठं निघाला होता?" त्या म्हणाल्या.